युद्ध चालू होतं, तरी मुकुट वाटप चालूच : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देताना मी सहज दोन ओळी लिहून गेले होते, की दुसऱ्या महायुद्धात अमेरिका पूर्ण उतरलेली असतानाही त्यांनी मिस अमेरिका स्पर्धा एक वर्षही चुकवली नाही, १९४२ ते १९४५ दर सप्टेंबरला मुकुट घातला म्हणजे घातलाच. बस्स, एवढंच. पण त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की यावेळी बाकीचे प्रश्न (मूळव्याध, सून, गुंठेवारी) बाजूला ठेवलेत. रागावू नका, पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : बाई, तिकडे पोरं मरतायत आणि इकडे पोरी पोहण्याचे कपडे घालून मिरवतायत, ही कसली देशभक्ती? सरकारने परवानगी दिलीच कशी? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

काका, तुमच्यासारखा राग तिथल्या लोकांनाही आला होता, आणि युद्धाच्याही आधी आला होता. ही स्पर्धा सुरू झाली १९२१ साली, न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटी या समुद्रकिनाऱ्याच्या गावात, आणि त्यामागे कला-संस्कृती वगैरे काही नव्हतं हो, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे झाला की उन्हाळा संपायचा, पर्यटक घरी जायचे, हॉटेलं ओस पडायची, तर त्यांना अजून आठवडाभर अडकवून ठेवायचं म्हणून हॉटेलवाल्यांनी काढलेली ही युक्ती. पहिली विजेती मार्गारेट गॉर्मन फक्त १६ वर्षांची होती. पुढे महिला मंडळं आणि चर्चवाले इतके मागे लागले की १९२८ मध्ये हॉटेलवाल्यांनीच हात वर केले आणि स्पर्धा बंद पडली.

पुढे ती पुन्हा सुरू झाली आणि १९३५ मध्ये तिच्या कारभारात लेनोरा स्लॉटर नावाच्या बाई आल्या. त्यांनी ठरवलं की ही जत्रा 'घरंदाज' करायची. पोरींना नुसतं दिसून चालणार नाही, काहीतरी करून दाखवायला पाहिजे, गाणं म्हणा, वाजवा, नाचा. वय १८ ते २८. बार आणि नाइटक्लबमध्ये पाऊल टाकायचं नाही. प्रत्येक मुलीसोबत गावातली एक प्रतिष्ठित बाई कायम पहाऱ्याला, आणि स्पर्धेच्या आठवड्यात कुठल्याही पुरुषाशी एकटीने बोलायचं नाही, अगदी सख्ख्या बापाशीसुद्धा नाही! आपल्याकडच्या जुन्या लेडीज हॉस्टेलच्या रेक्टर आठवल्या मला.

तर १९४२ ला युद्ध दारात आलं आणि सगळ्यांना वाटलं आता हे बंद होणार. नाही झालं. का, तर आयोजकांनी सांगितलं आणि युद्धासाठी पैसा उभा करणाऱ्या सरकारी खात्यालाही ते पटलं, की या मुली सैनिकांच्या छावण्यांत जातील, हॉस्पिटलात जखमींना भेटतील आणि मुख्य म्हणजे युद्धाचे बाँड विकतील. माझं मत विचाराल तर काका, देशभक्ती नंतर आली, आधी आला तो हिशोब. स्पर्धा कामाची आहे हे पटलं म्हणून ती टिकली. आणि नुसतं सरकारला दोष देऊन उपयोग नाही, कारण त्याच सरकारने १९४३ ला आदेश काढला होता की बायकांच्या स्विमसूटमध्ये दहा टक्के कापड कमी वापरा, युद्धासाठी लागतंय. पोट उघडं टाकणारे टू-पीस वाढले त्यात या आदेशाचा मोठा हात आहे. म्हणजे तुमचा ज्याच्यावर राग आहे ते सरकारी कापडबचतीतून आलेलं आहे, आता बोला!

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही एडिसनला राहतो, भारतातून कुणी आलं की अटलांटिक सिटीला नेतोच. पण तिथे युद्धाची एक खूण दिसली नाही कधी. नेमकं कुठे व्हायचं हे सगळं? (एक वाचक, न्यू जर्सी)

अहो खुणा आहेत, तुम्ही कसिनोत शिरता म्हणून दिसत नाहीत 😄

बोर्डवॉकवर, म्हणजे समुद्राकाठच्या त्या लाकडी फळ्यांच्या लांब रस्त्यावर, तो अवाढव्य बोर्डवॉक हॉल आहे ना, तेव्हाचा कन्व्हेन्शन हॉल, १९२९ ला उघडलेला, स्पर्धा १९४० पासून तिथे भरत होती. १९४२ ला तो एअर फोर्सच्या प्रशिक्षणासाठी लष्कराने ताब्यात घेतला. हॉटेलंच्या हॉटेलं बराकी झाली, जिथे हवा खायला आलेली कुटुंबं फिरायची तिथे पोरं लेफ्ट-राइट करायला लागली आणि लोक गावाला कँप बोर्डवॉकच म्हणायला लागले. स्पर्धा मग त्याच रस्त्यावरच्या वॉर्नर थिएटरमध्ये हलवली, युद्ध संपेपर्यंत तिथेच.

आणि किनाऱ्यावर अंधार. १९४२ च्या सुरुवातीपासून जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून जहाजं बुडवत होत्या, गावातले दिवे मागे असले की समुद्रातल्या जहाजाची काळी आकृती पाणबुडीला स्पष्ट दिसायची, नेम धरायला सोपं. म्हणून समुद्राकडच्या दिव्यांना झाकणं घातली, पडदे ओढले. झगमगाटावर जगणारं गाव ते, त्याची ती अवस्था.

आता तुमच्यासाठी खास. रिसॉर्ट्स कसिनो माहीतच असेल, अटलांटिक सिटीतला पहिला कसिनो, १९७८ चा. ती मूळ हॅडन हॉल हॉटेलची इमारत. युद्धात तिथे लष्कराचं थॉमस इंग्लंड जनरल हॉस्पिटल होतं आणि हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणारं ते त्या काळातलं फार मोठं केंद्र होतं. म्हणजे स्पर्धेला आलेल्या मुली मुक्कामाला उतरायच्या त्याच बोर्डवॉकवर व्हीलचेअरमध्ये बसलेली विशी-बाविशीची पोरं ऊन खात असायची. पुढच्या वेळी पाहुण्यांना स्लॉट मशीनपाशी सोडून तुम्ही जरा बाहेर येऊन ती इमारत बघा.

(आणि हो, मोनोपॉली खेळातले रस्ते याच गावातले आहेत. आपण त्याऐवजी 'व्यापार' खेळलो, म्हणून आपल्याला फक्त मरीन ड्राइव्ह विकत घेता आला.)

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालो. बाँड बाँड म्हणता, पण होतं काय ते? आपल्या एनएससीसारखं? आणि एका मुलीने असे कितीसे विकले असतील! (वाचक, ठाणे)

अगदी एनएससीचाच भाऊ म्हणा. सिरीज ई बाँड म्हणायचे. १८ डॉलर ७५ सेंट आज द्यायचे, दहा वर्षांनी २५ डॉलर हातात, म्हणजे वर्षाला साधारण २.९ टक्के पडतात, तुम्ही कॅल्क्युलेटर काढलाच असणार. ज्यांच्याकडे एकदम तेवढे पैसे नसायचे ते २५ सेंटचे स्टँप घेऊन अल्बमात चिकटवायचे, ७५ स्टँप झाले की एक बाँड. शाळेतली पोरंसुद्धा चिकटवायची. सरकारला नुसते पैसेच हवे होते असं नाही बरं का. कारखाने रात्रंदिवस चालू, पगार खिशात, बायकाही कमावत्या झालेल्या आणि दुकानात माल नाही, अशा वेळी तो पैसा लोकांकडून काढून घेतला नाही तर महागाई भडकणार, ही खरी भीती. युद्ध संपेपर्यंत साडेआठ कोटी अमेरिकनांनी मिळून १८५ अब्ज डॉलरच्या वर बाँड घेतले.

आता एका मुलीचं. १९४३ ची मिस अमेरिका जीन बार्टेल, लॉस एंजेलिसची, तिथल्या यूसीएलए विद्यापीठात शिकणारी, कॉलेजात असताना जिंकलेली ती पहिली. तिने वर्षभर फिरून २४ राज्यांत मिळून २५ लाख डॉलरचे बाँड विकले. पंचवीस लाख! त्या काळचे! आणि घेणाऱ्यांत पुरुषच असतील असं वाटेल ना, मुकुटवाल्या पोरीच्या हातून बाँड घ्यायला रांगा लावून उभे? तर उलट, बहुतेक घेणाऱ्या बायका होत्या. पोरगी कॉलेजची आहे, नीट बोलते, आपल्या घरातली वाटते, म्हणून बायका घ्यायच्या. हे मला फार आवडलं. आपल्याकडेही १९६२ ला चीनच्या वेळी बायकांनी बांगड्या काढून संरक्षण निधीत टाकल्या, तिथे कुणी मुकुटवाली नव्हती समोर, पण शेवटी पुढे आल्या त्या बायकाच.

प्रश्न : ताई, हे सगळं ऐकून मला वाटतं मुलींना नुसतं वापरून घेतलं. बाँड विकले त्यांनी, त्यांना काय मिळालं? (एफवायबीए, नाशिक)

वापरून घेतलं, हो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्या काही गरीब गाई नव्हत्या, हेही सांगते.

१९४२ ची जो-कॅरोल डेनिसन घे. हिचा जन्मच मुळी अ‍ॅरिझोनातल्या पुरुषांच्या तुरुंगात झालेला, आईबाप गावोगाव खेळ करत औषधं विकणाऱ्यातले, वाटेत कळा सुरू झाल्या आणि जवळ दवाखाना म्हणजे तुरुंगाचा! तिचं लहानपण त्याच फिरत्या खेळांमध्ये गेलं, घोड्यावरच्या कसरती वगैरे. पुढे टेक्ससमध्ये नोकरी करत होती तेव्हा एका बँकेने गावच्या स्पर्धेत आपल्या नावाने उभं केलं, आमिष काय तर एक नवा स्विमसूट. आणि हीच पोरगी मिस अमेरिका झाल्यावर दौऱ्यावर काय म्हणते, तर छावण्यांत जाईन, हॉस्पिटलात जाईन, कारखान्यात जाईन, पण स्टेजवर स्विमसूट घालून उभी राहणार नाही. १९४२ मध्ये, आणि वय अठरा! स्पर्धेने स्वतःहून स्विमसूटची फेरी बंद केली ती २०१८ ला. किती उशीर तो मोज तूच.

मिळालं काय, तर सुरुवातीला फार काही नाही, नाव झालं, सिनेमाची दारं किलकिली झाली. पण जीन बार्टेल मिनेसोटा विद्यापीठात गेली होती तेव्हा तिथल्या विद्यार्थी मंडळींशी बोलताना विषय निघाला, की फर कोट आणि स्क्रीन टेस्ट कशाला देता, शिकायला पैसे द्या की. ती आणि स्लॉटरबाई दोघींनी ते उचललं. स्लॉटरबाईंनी उद्योगांकडून पैसे गोळा केले आणि १९४५ ला पहिली शिष्यवृत्ती ठेवली, पाच हजार डॉलर. बाँड विकताना मुलींची किंमत काय आहे ते सगळ्यांना दिसलं होतं, म्हणून ही मागणी करता आली असं माझं म्हणणं आहे. कुणी दयेपोटी दिलं नाही.

आणि ती पहिली शिष्यवृत्ती कुणाला मिळाली? बेस मायरसन. न्यूयॉर्कच्या ब्राँक्सची, हंटर कॉलेजातून संगीत शिकलेली, पियानो आणि बासरी वाजवणारी, पाच फूट दहा इंच उंच आणि ज्यू. २ सप्टेंबर १९४५ ला जपानने शरणागतीवर सह्या केल्या आणि ८ सप्टेंबरला हिच्या डोक्यावर मुकुट. युरोपातल्या छळछावण्यांचे फोटो त्याच वर्षी लोकांनी पहिल्यांदा पाहिलेले. स्पर्धेआधी स्लॉटरबाईंनी तिला सुचवलं होतं, मायरसन नाव फार ज्यू वाटतं गं, बेथ मेरिक करूया. ती म्हणाली नाही करणार. तिच्या शेजारपाजारची सगळी माणसं तिला मायरसन म्हणूनच ओळखत होती, जिंकली तर ती जिंकली हे त्यांना कळायला नको? जिंकल्यावर मात्र खरी गंमत, म्हणजे गंमत नाही, लाज. ज्यू मुलगी नको म्हणून जाहिरातदार मागे सरले, काही हॉटेलांवर आणि क्लबांवर ज्यूंना प्रवेश नाही अशा पाट्या. हिटलरशी लढून आलेल्या देशात! तिने मग दौरा अर्धवट सोडला आणि द्वेष करणारा माणूस सुंदर असूच शकत नाही अशा आशयाची भाषणं देत शाळा-शाळांतून फिरली. पुढे न्यूयॉर्क शहराची ग्राहक व्यवहार आयुक्त झाली, पुढे भानगडीतही सापडली, काही संतबिंत नव्हती.

जाता जाता सांगते, १९४७ ला आपल्याकडे मिस इंडिया झालेली नटी प्रमिला, म्हणजे एस्थर अब्राहम, तीही ज्यू होती, कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यातली. आपल्याकडे तेव्हा तिच्या नावावरून किंवा धर्मावरून असलं रामायण झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

प्रश्न : काळ्या मुलींना भाग घेता येत होता का? (वाचक, कोल्हापूर)

नाही. नियमावलीत सातवा नियम होता, स्पर्धक निरोगी आणि गोऱ्या वंशाची असावी. सरळ लिहिलेलं, लाजबीज नाही. त्याच वेळी लाखो काळे सैनिक त्याच झेंड्याखाली लढत होते, तेही वेगळ्या पलटणीत, कारण सैन्यातला वंशभेद बंद करण्याचा आदेश १९४८ चा. मिस अमेरिकाच्या स्टेजवर पहिली काळी मुलगी आली १९७० ला, आयोवाची शेरिल ब्राउन, आणि पहिली जिंकली व्हनेसा विल्यम्स, १९८३ च्या सप्टेंबरात. वर मी बाँडचं कौतुक केलं ते वाचताना हेही लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : आमच्या रीटा फारियाचं नाव विसरलात की काय? तीही युद्धावर गेली होती ना? (वाचक, मडगाव)

विसरेन कशी! माझ्या मावशीने तिच्या फोटोचं कात्रण कितीतरी वर्षं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. मूळ गोव्याची, जन्म मुंबईचा, ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकत होती. १९६६ ला मिस इंडिया आणि १७ नोव्हेंबरला लंडनमध्ये मिस वर्ल्ड, पहिलीच भारतीय. गेली ती उसन्या कपड्यांवर, स्विमसूट मॉडेल पर्सिस खंबाटाचा, तोही उंचीला आखूड.

तर महिन्याभरात काय झालं, अमेरिकन विनोदवीर बॉब होप दर नाताळला सैनिकांसाठी व्हिएतनामला शो न्यायचा, त्यात मिस वर्ल्ड म्हणून, स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीशी केलेल्या करारापायी, हिलाही नेलं. आणि इकडे बोंब! कारण व्हिएतनामवर देखरेख ठेवणारा जो आंतरराष्ट्रीय आयोग होता त्याचा अध्यक्ष देश कोण, तर भारत. आपण तटस्थ म्हणून मिरवायचं आणि आपली पोरगी अमेरिकन सैन्यापुढे स्टेजवर, दिल्लीला ते कसं पचणार. पण मला विचाराल तर २३ वर्षांच्या पोरीने कराराचा कागद बघायचा की परराष्ट्र धोरण बघायचं? मिस अमेरिकावाल्या मुली निदान स्वतःच्या देशासाठी फिरत होत्या, हिला तर परक्या देशाच्या युद्धात परक्या कंपनीच्या करारामुळे जावं लागलं.

वर्ष संपलं, तिने मॉडेलिंग आणि सिनेमाला रामराम ठोकला, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिक्षण पुरं केलं आणि पुढे डब्लिनला स्थायिक झाली. मडगावकरांनी अभिमान ठेवायचाच असेल तर मुकुटाचा थोडा आणि या गोष्टीचा जास्त ठेवा.

प्रश्न : ज्या गावावर बाँब पडतायत त्याच गावात अशी स्पर्धा झालीय का कधी? अमेरिका तर सुरक्षित होती. (वाचक, पुणे)

झालीय. बोस्नियातल्या सरायेवोत. देशाची नव्हे, वेढ्यात अडकलेल्या शहराची स्पर्धा. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, १,४२५ दिवस ते शहर सर्ब सैन्याने वेढलेलं होतं, आजूबाजूच्या डोंगरांवरून तोफा आणि स्नायपर, पाण्याच्या रांगेत उभी माणसं मारली जात होती. वीज नाही, गॅस नाही. अशात २९ मे १९९३ ला एका तळघरात मिस सरायेवो निवडली. १७ वर्षांची इनेला नोगिच जिंकली.

त्या दिवशीचा फोटो सापडला तर जरूर बघा. स्विमसूटमधल्या मुली एका ओळीत उभ्या आणि सगळ्यांनी मिळून धरलेला एक लांब फलक, त्यावर इंग्रजीत लिहिलंय, त्यांना आम्हाला मारू देऊ नका. इंग्रजीत का? कारण तो फलक सरायेवोकरांसाठी नव्हताच, तो आपल्यासाठी होता, टीव्हीसमोर बसलेल्यांसाठी. युद्धाच्या बातम्या रोज तेच तेच दाखवून लोक कंटाळले होते, तर सुंदर पोरींचा फोटो तरी छापतील, हे त्यांना बरोबर कळलं होतं. छापलाच सगळ्यांनी. अटलांटिक सिटीत मुलींच्या चेहऱ्यावर सरकारने बाँड खपवले, इथे मुलींनी स्वतःच स्वतःच्या चेहऱ्यावर शहराची हाक खपवली, पण वेढा उठायला त्यानंतर पावणेतीन वर्षं लागली. २०१२ ला सरायेवोच्या मुख्य रस्त्यावर मेलेल्यांसाठी लाल खुर्च्या मांडल्या होत्या, रिकाम्या, ११,५४१. लहान मुलांसाठी छोट्या खुर्च्या होत्या, लोक येताजाता त्यांच्यावर खेळणी ठेवून जात होते.

प्रश्न : युद्धकाळातल्या त्या चार मिस अमेरिकांपैकी आता कोणी आहे का? (वाचक, अहिल्यानगर)

नाही, चौघीही गेल्या. शेवटची जो-कॅरोल, २०२१ मध्ये, ९७ वर्षांची होऊन. पण बरं झालं विचारलंत, कारण १९४४ ची व्हीनस रॅमी वर राहूनच गेली. लाल केसांची पहिली मिस अमेरिका, वॉशिंग्टनला युद्धखात्याच्या कामात नोकरी करणारी, तिचं चित्र एका बी-१७ बॉम्बर विमानावर रंगवलेलं होतं. तिला शो बिझनेस मानवला नाही, केंटकीत परत जाऊन शेती केली, तिथल्या विधानसभेची निवडणूकही लढवून पाहिली.

२००७ ची गोष्ट. बाई ८२ वर्षांच्या, वॉकर घेऊन चालणाऱ्या. शेतातल्या जुन्या शेडमधून भंगार चोरीला जात होतं, एक दिवस चोर गाडी घेऊन आलेले दिसले. बाई गेल्या तिकडे. चोर म्हणाला जातो जातो. बाईंनी एका हाताने वॉकर धरला, दुसऱ्या हातात पॉइंट ३८ चं पिस्तूल, आणि त्याच्या गाडीच्या टायरमध्ये गोळ्या घातल्या, म्हणजे जायलाच नको. मग रस्त्यावरून जाणारी एक गाडी थांबवली आणि त्यांना म्हणाल्या, जरा पोलिसांना फोन लावा.